मापांची वही

वही निळ्या पुठ्ठ्याची. पान सत्तेचाळीस.
मन्मथ शिवराज हालकुडे, इयत्ता चौथी.
छाती, कंबर, खांदा, पॅन्टची लांबी.
खाली माझ्याच अक्षरात:
वाढतं अंग, शिलाईत दोन इंच सोडणे.

टेप गुडघ्याशी नेली तेव्हाच दिसलं होतं मला,
नडगीवर निळंजांभळं, कडेला पिवळट,
शाई सांडून कुणी ओल्या बोटानं पुसावी तसं.
"कुठं धडपडलास रे?"
"कुठंच नाही मावशी. आपोआप येतंय."

आपोआप.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
मी नुसतं हं केलं.
शाळा उघडायला आठ दिवस, बावीस गणवेश बाकी.

ताप यायचा, जायचा.
महानंदा म्हणायची उन्हाचा असेल,
मग म्हणायची पाणी बदललं.
मेडिकलवाल्यानं लाल औषध दिलं,
सासूनं मीठमोहऱ्या ओवाळल्या.
दात घासताना थुंकीत रक्त आलं
तर आम्ही ब्रश बदलला.

पंधरा ऑगस्टच्या कवायतीला पॅन्ट घसरली
म्हणून पुन्हा माप घेतलं.
कंबर दीड इंच कमी.
मी टेपलाच नावं ठेवली: जुनी झाली, ताणली गेली.

लातूरला बोटाएवढ्या नळीत रक्त घेतलं.
तिथल्या बाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला,
म्हणाल्या, बार्शीला निघा. आज म्हणजे आजच.
ल्युकेमिया हा शब्द महानंदाला उचलेना.
ती "रगताचा" म्हणायची आणि पुढचं गिळायची.
उदगीरात आम्ही कावीळ सांगितली,
त्याचं ताट कुणी वेगळं ठेवू नये म्हणून.

प्लेटलेटच्या पिवळ्या पिशवीला तो आमरस म्हणायचा.
खरं कळलं तेव्हा जीप भरून माणसं आली रक्त द्यायला,
मोंढ्यातले हमाल, रिक्षावाला युसूफ, शाळेचा शिपाई.
ताट कुणीच वेगळं ठेवलं नसतं.
केस गेल्यावर मी गणवेशाच्या उरलेल्या कापडाची टोपी शिवली.
डोकं वीस इंच.
ते वहीत लिहिलं नाही.

डॉक्टर तरणे होते. हळू बोलले,
"लेकरांचा हा आजार पुष्कळदा बरा होतो, मावशी.
लेकरं घरी जातात, मिसरूड फुटतं त्यांना.
थोडं आधी आणलं असतं तर..."
मग थांबले. "तसं नक्की नाही सांगता येत."
तो "तर" अजून माझ्या मशीनखाली आहे.
टाका बसत नाही.

आमच्यात जाळत नाहीत.
मांडी घालून मातीत बसवतात, तळहातावर लिंग.
हजेरी चालू असल्यासारखा बसला होता.
गणवेश मीच चढवला.
शर्ट खांद्यावरून ओघळत होता
आणि शिलाईतले दोन इंच
आत तसेच, दुमडलेले.

औंदा पुन्हा जून, दुकानात रांग.
टाचण्या आता मी तोंडात धरत नाही.
छाती झाली, कंबर झाली की खाली बसते,
नडगी बघते, दंड बघते, "आ कर" म्हणते.
ताप किती दिवस? रात्री हाडं दुखतात? मानेला गाठ?
एक आई म्हणाली, "टेलर हाव का नर्स?"
मला ठाऊक आहे, बहुतेक डाग सायकलच्या पायडलचे असतात.
तरी म्हणते, लेकरू पांढरं पडत असेल,
ताप पंधरा दिवस हटत नसेल,
मार न लागता वळ उमटत असतील
तर रक्त तपासा. साधा सीबीसी.
पैसे नसतील तर शिलाईतनं वळते करा.

परवा गिरिजाच्या आईनं कागद आणून आपटला.
"समदं नॉर्मल निघालं. फुकट पैसे घालवले तुम्ही."
मी कळला तेवढा कागद वाचला
आणि भर दुकानात रडले.
तिला काही उमजेना, पोरीला घेऊन निघाली.

गिरिजाच्या फ्रॉकची शिलाई घेणार नाही.
पट्टीत तीन इंच सोडलेत.