पन्नास पास्कल

दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवतो,
कापडात पंखा,
आणि घराला म्हणतो, ओढ श्वास.
पन्नास पास्कलला काटा स्थिरावला
की घराला खोटं बोलता येत नाही.

भिंतींना कान असतात म्हणे.
मला भेटतात त्या भिंतींना
नुसत्या नाकपुड्या.

हे घर ओदेल शियासाँ यांचं.
केप ब्रेटन बेटावरचं शेटिकाँ गाव,
पुढे समुद्र, मागे डोंगर,
आणि डोंगरावरून उतरणारा सुएत.
त्याला इथे वारा कोणी म्हणत नाही,
नावानेच बोलतात त्याच्याबद्दल,
पिऊन येणाऱ्या दिराबद्दल बोलावं तसं.
आला होता का? आला होता.
छपराच्या चार फळ्या घेऊन गेला.

धुराची कांडी घेऊन मी खोल्याखोल्यांतून फिरलो.
खिडकीपाशी धूर वाकला.
जिन्याखाली वाकला.
माळ्याच्या झडपेपाशी तर
बोलावणं आल्यासारखा धावतच गेला.
बाई मागून येत होत्या, हातात हिशेबाची वही.
"डिसेंबरात टाकी भरते, फेब्रुवारीत परत भरते,
डोळ्यांत तेल घालून जपते ते तेल,
तरी मार्चमध्ये जेवताना अंगात कोट."
मी आकडा सांगितला : ह्या दाबाखाली
तासाला चौदा वेळा घरातली हवा बदलते.
"म्हणजे मी समुद्र तापवतेय," त्या म्हणाल्या.
मी नाही म्हणालो नाही.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म.
प्रांताची योजना आहे : माळ्यावर भरण,
तळघराला अस्तर, भट्टी काढून हीट पंप,
निम्म्याहून जास्त पैसे परत,
मिळकत अगदीच बेताची असेल तर सगळेच.
आधी माझी मोजणी, मग काम, मग पुन्हा माझी मोजणी.
क्रम चुकला तर छदाम नाही.
घरात राहणाऱ्या व्यक्ती?
"एक."
मालकाचं नाव?
"इपोलीत."
सहीला ते कधी...
"अकरा वर्षं झाली."

घर त्याच्या नावावर. विजेचं खातं त्याच्या नावावर.
तेलाचं बिल तर तो अजून वेळेवर भरतो.
"बदलायचं राहून गेलं?"
"राहून नाही गेलं," त्या म्हणाल्या.
"टँकरवाला फोन करतो ना,
मिस्यू इपोलीत आहेत का म्हणून?
वर्षातून दोनदा का होईना,
कोणीतरी त्याला घरात शोधतं."

ह्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
मी मुदतीची तारीख सांगितली,
वकिलाचा नंबर लिहून दिला,
कॉफी प्यायलो. गार झाली होती.

जूनमध्ये परत गेलो.
माळ्यावर दळलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचा फूटभर थर,
किती निवडणुका, किती मृत्युलेख,
सगळे एकदाचे कामाला लागलेले.
बाहेर हीट पंप, भिंतीला पाठ लावून घुमणारा.
लाल कापड. पंखा. चौदाचे पाच.
मालकाच्या रकान्यात : ओदेल मारी शियासाँ,
पेन जरा जास्तच दाबलेलं.

फक्त कोठीच्या कोपऱ्यात धूर अजून वाकत होता.
कपाट सरकवलं. बोटाएवढं भोक,
त्यात करड्या लोकरीच्या मोज्याचा बोळा.
"त्यानेच पाडलेलं, वायरलेसची तार आत घ्यायला.
लॉबस्टरच्या मोसमात बोट धक्क्याकडे वळली
की इथे उभी राहून ऐकायचे मी :
ओदेल, बटाटे टाक."

फोमची नळी माझ्या हातात तयार.
"किती जातं ह्यातून?"
"वर्षाला फार तर चार डॉलर."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या,
"बिल आता माझ्या नावाने येतं."