विसरून राहिले

डॉक्टरीणबाई पुण्याहून धंतोलीत नव्याच आल्या होत्या.
मी म्हटलं, "मॅडम, मी लय विसरून राहिले."
त्यांनी पेन थांबवलं.
"म्हणजे विसरलात, की राहिलात?"
होमेश्वर हसला. तो हसला म्हणून मीही.

आमच्याकडे असंच बोलतात.
नळ येऊन राहिला, पोरगी शिकून राहिली,
ऊन तापून राहिलं.
काही होऊन जात नाही इथे, होतच राहतं.

केसांत चिकट पेस्ट, वायरींचा गुंता,
आणि कागदावर माझ्या डोक्याच्या रेघा.
ओळखीच्या वाटल्या.
मशीनचा ताण बिघडला की
पिको अशीच धावते, काठ सोडून.

मग त्या म्हणाल्या, तीन शब्द सांगते, थोड्या वेळाने विचारेन:
फाटक, मीठ, घुबड.
आणि विचारायचं त्याच विसरल्या.
पाच वर्षं झाली, बदलून गेल्या कुठे तरी.
मी अजून सांभाळून आहे.

माझी फिट घरात सगळ्यांनी पाहिली आहे,
मी सोडून.
सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरतात.
डॉक्टरांनी सांगितलंय, काही धरू नका, कुशीवर वळवा.
त्या कुशीवर वळवतात, आणि कांदाही धरतात.
त्यामुळे मी परत येते ती थेट वासात.
नाव आठवायच्या आधी पोहे आठवतात.

त्या वर्षी मारबतीच्या सकाळी
मी जागनाथ बुधवारीच्या गर्दीत होते म्हणे.
पिवळीला हात जोडले म्हणे,
सगळ्यांसारखी ओरडले म्हणे,
रोगराई घेऊन जाय गे मारबत!
आणि तिथेच पडले, एका फुगेवाल्याच्या पायाशी.
तिने नेलं बापडीने, पण पिशवी चुकली.
रोग इथेच ठेवला
आणि माझा अख्खा श्रावण घेऊन गेली.

त्या श्रावणात आमचं मोठं भांडण झालं होतं.
कशावरून, ते होमेश्वर सांगत नाही.
सासूबाई म्हणतात, "जाऊ दे ना, बाई."
मी जाऊ दिलंच आहे, माझ्याकडे आहे काय?
तो मात्र एकटाच त्यात राहतो,
दोघांची वाक्यं एकटाच बोलत असेल.
कधी चहा गाळताना माझ्याकडे बघतो
तेव्हा वाटतं, विचारावं, मी माफ केलं होतं का रे?
पण हो म्हणाला तर खरं कसं मानू,
आणि नाही म्हणाला तर
आता कशाबद्दल करू?

दिवाळीच्या तोंडावर सोनकुसरेबाई आल्या.
"तुझ्याच हातात दिली होती साडी."
मी नाही म्हटलं. शपथेवर नाही म्हटलं.
गठ्ठ्याच्या तळाशी निघाली.
वर टाचणीने चिठ्ठी, अक्षर माझं:
हिरवी. जांभळा काठ. फॉल जुनाच लावायचा. घाई नाही.

घाई नाही.
म्हणजे होतं तर कुणीतरी इथे त्या महिन्यात,
टाचणी ओठांत धरून, बाईंचं नीट ऐकून घेणारं.
मी ती चिठ्ठी सोनकुसरेबाईंना दिली नाही.
साडीचे पैसेही घेतले नाहीत, लाजेने.

त्याच श्रावणात तनुजा सायकल शिकली.
सक्करदऱ्याच्या मैदानात, मीच शिकवली म्हणे.
गुडघ्यावर खपलीचा डाग आहे, पुरावा म्हणून.
मी त्या डागावर बोट ठेवून बसले होते
तर ती म्हणाली,
"आई, थांब ना, पुन्हा पडून दाखवते."

मग गल्लीत, भर दुपारी,
चांगली येत असलेली सायकल
ती मुद्दाम डगमगवत चालवू लागली.
"धर ना! धरून राहा!"
मी कॅरिअर धरून मागे धावले,
ओढणी खोचून, चपला सोडून.
"सोडू नको हं, आई!" ती ओरडत होती,
आणि माझे हात कधीच रिकामे झाले होते.