भाग क्रमांक दोनशे सात

एकाच शाईचे एक्केचाळीस अर्ज.
एकच हात, 'र'ला ओढलेली तीच लांब शेपटी.
नाव वगळण्याचं कारण:
स्थलांतरित, स्थलांतरित, मयत, स्थलांतरित.
साहेबांनी गठ्ठा सरकवला,
"बाई, शनिवारपर्यंत दारोदार बघून शेरा मारा."

अंगणवाडीतली खिचडी वाटून मी निघाले.

सुतारमळ्यात भिंतींवर दोन रेघा आहेत,
एक एकोणीसच्या पुराची, एक एकविसाच्या.
पंचगंगा चढली की रेघांखालची माणसं
शाळेच्या वर्गात जाऊन झोपतात
आणि उतरली की चिखल काढायला परत येतात.
कुणीतरी तेवढेच दिवस मोजून ठेवलेत.

झुलेखा बागवान दारात पेरू निवडत होती.
"मी कुठं गेलतो? ह्या उंबऱ्यावरनं उठलो न्हाई."
मागे खिळ्याला विजेचं बिल,
तिच्याच नावाचं, तीन महिने थकलेलं.
वीजवाल्यांना ती बरोबर सापडते.

बाळकू आवळेची फौंड्रीत रातपाळी.
तीनदा कुलूप. चौथ्यांदा सकाळी साडेसातला गाठला,
पापण्यांवर काळी वाळू.
सही केलीच त्यानं,
पण कागद धरला तिथं अंगठाही उमटला.

तायव्वा कोरवींना ऐकू येत नाही.
मी मोठ्यानं वाचलं, "मयत."
सून हसली. मग हसायची थांबली.
म्हातारीनं बशीतला चहा भुरकला
आणि उरलेला माझ्यापुढं केला.

राहतात. राहतात. हयात आहेत.
चाळीस वेळा.

एक्केचाळिसावा घरी येऊन उघडला.
घर क्रमांक माझाच.
दत्तू आप्पा लोहार. मयत.

एवढं एक खरं लिहिलं होतं त्या लांब शेपटीनं.

गेल्या श्रावणात तुम्हाला घाटावर नेलं.
रेशनकार्डावरनं काढलं, बँकेतनं काढलं,
या यादीतनं काढायचं माझ्याच हातात होतं
आणि दर वेळी मी ते पान उलटून पुढं गेले.
फोटोत तुम्ही हसलाय,
फोटोवाला हसू नका म्हणत असताना.

उद्या कुणी तुमच्या नावावर
बोटाला शाई लावून गेला असता तर?
दाढी करायला आणि मत द्यायला
तुम्ही कधी कुणाला मधे घातलं नाही.

रात्री माझ्या पेनानं कोरा अर्ज भरला.
लोहारमधला 'र' आखूड काढला.
दोनदा गिरवला.

शनिवारी साहेब म्हणाले,
"चाळीस खोटे, एक खरा. कुणाची तरी चूक झाली असेल.
तक्रार कशाला, आणि करणार कोण?"
पंखा फिरत होता. गठ्ठ्यावर पेपरवेट होता.
एवढ्या वर्षांच्या नोकरीत कचेरीत जपलेली
माझी शुद्ध भाषा सुटली.

"मी करतो की," म्हटलं.
"कागद द्या."