बिल्ल्याची जागा

मारिट स्कोग्लुंडनं ड्रम आणला
तान्ह्या मुलाला आणावं तसा, जुन्या ब्लँकेटात.
डुलुथमध्ये त्या सकाळी उणे एकोणीस.
तळघरातली थंडी रिमवर अजून बसून होती.
"वडील म्हणायचे, शिकागोचा आहे,
बड्या कंपनीचा.
खरंच त्यांचाच का, तेवढं सांग."

मी आधी बिल्ला बघतो.
बिल्ला नव्हता.
हवेच्या भोकाभोवती नुसता एक लंबगोल,
जिथली लाल चकाकी विटायची राहून गेली होती.

आणि असता बिल्ला, तरी काय मोठं?
तेव्हा जपानच्या एकाच कारखान्यातून
एकाच दिवशी निघालेले ड्रम
दहा आडनावं लावून बोटीत चढायचे.
कुणी राजा, कुणी धूमकेतू, कुणी दर्यावर्दी,
इकडच्या दुकानदारानं जे कळवलं असेल ते.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

म्हणून मी कान बघतो.
कान म्हणजे कातड्याचा ताण धरणारे लग.
नाव बदलतं माणूस, कान कुठून बदलणार?
हे लांबट, मधोमध गव्हाच्या दाण्यासारखी चीर.
असे कान दोन कारखान्यांचे.
कदाचित तीन.
साच्यांची उसनवारी चालायची,
आणि साच्यावर कुणी नाव घालून ठेवत नव्हतं
लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं.

आठ बोल्ट. सातवा अडला.
तेल सोडलं, कॉफी प्यायलो, मग सुटला.
खोड लुआनचं, तांबूस, केसाळ,
आतल्या कड्याचा सांधा तिरका:
म्हणजे पहिला कारखाना.
पण आतून राखाडी रंग:
म्हणजे दुसरा.
तीस वर्षं हेच करतोय मी,
आणि तीस वर्षं सांधा एक सांगतो, रंग दुसरंच.

"शिकागोचा नाही," मी म्हणालो.
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
गोठलेल्या सरोवरावर कुणीतरी कुत्रं फिरवत होतं.
"त्यांना माहीत होतं?"

मी उत्तर दिलं नाही.
बिल्ला आपोआप गळत नाही.
भोकाच्या कडेला पकडीचे दात उमटले होते,
दोन ठिकाणी, चांगले खोल.

तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात
सांध्याखाली दिसली पेन्सिल.
पाच-सहा अक्षरं, मुंगीएवढी.
मला वाटलं, सापडला!
ड्रम ब्लँकेटात गुंडाळून
आम्ही दोघं धावलो पलीकडच्या गल्लीत
टोयोको लार्सनकडे. ती कोट उसवून लहान करून देते,
एकसष्ट साली नवऱ्यामागून इथं आली.

तिनं टाचण्या तोंडातून काढल्या.
चष्मा पुसला.
"नाव नाही हे," ती म्हणाली.
"पाऊस. सरस ओला. उद्या."
बस, एवढंच.
मग अक्षरांवरून, न टेकवता, बोट फिरवत:
"बाईनं लिहिलंय."
कशावरून?
"मीही लिहायचे की, गिरणीत, ताग्यांच्या कडेला.
दुसऱ्या पाळीतल्या मुलीला दिसेल
आणि मुकादमाला दिसणार नाही
इतकं बारीक."

दुकानात परतल्यावर मी चिठ्ठी भरली.
कारखाना: दोहोंपैकी एक.
साल: चौसष्टच्या आगेमागे.
खाली रकाना नव्हता, तरी लिहिलं:
पावसाचा दिवस.

नव्या कातड्याचे बत्तीस डॉलर घेतले.
भोकाला पितळी कडं बसवून देऊ का, विचारलं,
खुणा झाकल्या जातील.
मारिटनं त्या दातांवर अंगठा ठेवला,
एकावर, मग दुसऱ्यावर,
थोडी हसली असेल, नसेलही.
"नको," म्हणाली. "राहू दे तसंच."