सहीपुरती रेघ

पेन्शन फंडाचं पाकीट आलं मंगळवारी,
जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर, आठ दिवस उशिरा.
मी खोलीत मोजे वाळत घालत होते,
हीटरवर, एकेक.

आत तुझं नाव आहे, सित्से,
आणि माझ्या नावाआधी एक शब्द: माजी.
छान, ठळक टंकलेला.

वकीलबाई तरुण आहे. टेबलावर आल्याची बिस्किटं ठेवते.
म्हणाली, लग्न असतं तर अर्ध्या वाट्याचं बोलता आलं असतं,
जोडीदार म्हणून नगरपालिकेत नोंद असती, तरीही.
करारात लिहिलं असतं, तरीही.
पण नुसतं एकत्र राहणं...
आणि तिने पेन आडवं ठेवलं.

नुसतं.
हार्लिंगनच्या त्या घरात, जिथे बंधाऱ्यापलीकडचा वारा
खिडक्यांच्या चौकटींवर मीठ ठेवून जायचा,
मी चोवीस वर्षं नुसती राहिले.
तू फेरीबोटीच्या इंजिनाशी, चार दिवस पाण्यावर, चार दिवस घरी,
आणि दर फेरीला तुझ्या खात्यात
म्हातारपणाचा एकेक दाणा पडत होता,
मुंगीने न्यावा तसा, गुपचूप.
मी शाळेच्या ग्रंथालयात, आठवड्याच्या दोन सकाळी.
दोनच, कारण येल्मरचे कान सारखे फुटायचे,
दोनच, कारण तुझ्या आईला
चमच्याचं काय करायचं ते आठवेनासं झालं होतं.
तिला भरवत होते ते तास
कुठल्या फंडात जमा झाले?

लग्नाला नको म्हणणारी मीच, हेही खरं.
तू विचारलं होतंस एकदा,
सायकलची साखळी बसवताना, काळ्या हातांनी.
मी म्हटलं, कागदाने काय होतं?
आपण दोघंही हसलो.
कागद तेव्हा काही बोलला नाही.
कागदाला घाई नसते.

खरी गोष्ट दुसऱ्या पानावर आहे.
तू कधीतरी, मला न सांगता,
एक अर्ज भरून पाठवला होतास फंडाला.
सहजीवनातली जोडीदार: बाउक्ये.
तारीख पाहिली. तो आपल्या भांडणांचा हिवाळा होता,
तू वरच्या खोलीत झोपायचास.
वर बसून हे भरलंस?

त्यामुळे आता हिशोब असा, की
तू जिवंत आहेस तोवर माझा छदामही नाही.
तू गेलास, की मला दरमहा दोनशे बारा युरो,
मी जाईपर्यंत.
तुझी बायको न होता
मला तुझी विधवा होता येतं.

सोबत तुझी चिठ्ठी, पाठकोऱ्या पावतीवर.
'मारैकेच्या नावावर करायचंय, तू हक्क सोडलास तर.
खाली रेघ आहे. गुडघा कसा आहे?'

गुडघा ठीक आहे. जिना उतरताना बोलतो.

मारैके वाईट नाही. येल्मर सांगतो,
तुमच्या संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर
नऊ मार्चला अजून माझं नाव आहे,
तिने खोडलेलं नाही.
तिच्याशी माझं काहीच भांडण नाही. दोनशे बारात
या खोलीचं अर्धं भाडंही निघत नाही.

तरी पेन उचललं आणि ठेवलं.
तीनदा. मग त्या पानावर कॉफीचा कप ठेवला,
रेघेवर गोल डाग पडला.
चोवीस वर्षांत न मागता तू माझं नाव
लिहिलेली ही एकच जागा, आणि तिथे
मीच मला खोडायचं?

नाही म्हणून कळवणारही नाही. पत्र
ब्रेडच्या डब्याखाली राहू दे.

आणि हे बघ, डेकवर जाताना कान झाकत जा.
फेब्रुवारीतली हवा तुला सोसत नाही.
पुष्कळ जग, सित्से.
मला एक युरोही मिळू नये, इतकं जग.