ताणावरची बाग

डिसेंबरात आम्ही बागेचं पाणी तोडतो.
पानं मलूल होऊन कडेने वळली
की बाबा म्हणतात, धरला ताण.
तहानेशिवाय संत्रा फुलत नाही,
हे वरूड तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

प्रमिलाआत्याने तिकडून भावासाठी अर्ज भरला
तेव्हा मी आठ वर्षांची, दोन वेण्यांची.
अर्जात आम्ही चौघं, एकाच देठाला.
नंबर लागला तेव्हा मला एकवीस पूर्ण होऊन
एकोणीस दिवस झाले होते.
वकिलाने कसलीशी वजाबाकी करून पाहिली.
जमली नाही.
आई, बाबा, लहानगा पवन गेले.
मी बेनोड्यात राहिले,
फळगळीत झाडाखाली पडतं तशी:
हिरवी, गोटीएवढी,
कीड नाही, डाग नाही, नुसती सुटलेली.

आता बाबांनी माझ्यासाठी वेगळा अर्ज भरलाय.
ते तिथले नागरिक नाहीत अजून. कायमचे रहिवासी.
या शब्दाला पारावर हसतात.
'कायमचा हायस त मंग दिवस काहून मोजतं बे, भाऊराव?'
बाबा हसत नाहीत.
खताच्या कंपनीच्या कॅलेंडरवर
रोज रात्री जेवून एक फुली मारतात.
सहा महिने उलटायच्या आत परत,
नाहीतर विमानतळावरचा माणूस विचारणार,
घर नेमकं कुठे तुमचं?
मागच्या खेपेला विचारलंच त्याने.
उत्तर पाठ करून नेलं होतं, बाबा सांगतात,
अन् तोंडातून मराठीच निघालं,
विहिरीपाशी.

ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत मी आहे,
पण नुसती 'स्त्री'.
नावाचा रकाना कोरा.
आजोबा बारशाआधीच नोंद करून आले,
मग पुन्हा कोण जातं?
बाबांचं नाव तर तीन कागदांवर तीन तऱ्हांचं,
त्यातलं एक मला वाचतासुद्धा येत नाही.
शपथपत्राला सरूबाई सोनारेला नेलं तहसीलला.
अंगठ्याची शाई पदराला पुसत ती म्हणाली,
'लिही नं बापा, नाळ म्याच कापली इची,
लाइट नव्हती, पोट्टी रडली उशिरानं.'
टायपिस्ट म्हणाला, हे कागदात येत नाही.

आणि ते एक कलम.
मुलगी अविवाहित पाहिजे.
आज तर हवीच, पण नंबर लागेपर्यंत,
विमानातून उतरून शिक्का बसेपर्यंत.
हळद लागली की अर्ज मेला.

कोटिंग सेंटरवर संत्री मेणातून निघून
ओळीने पुढे सरकतात, चकाकत.
नीलकंठ हिशेबाच्या वहीतून मान वर करतो.
चार सीझन झाले, करतोय.
विचारतो एकच,
'तुमची तारीख कुठवर आली?'
दर महिन्याला तिकडे एक तक्ता लागतो,
त्यावरून मी सांगते.
पाच आठवडे पुढे.
जागच्या जागी.
जागच्या जागी.
एकदा सांगितलं, मागे गेली.
'मांगं? तारीख मांगं कशी जाते?'
जाते, म्हटलं.
त्याने मोजलेल्याच पेट्या पुन्हा मोजल्या.

काल आईचा फोन. तिकडे गुडघाभर बर्फ.
इकडे काय, म्हणाली.
म्हटलं, ताण.
ती म्हणाली, बाबांना कानटोपी घालायला सांग.

अठ्ठ्याऐंशी फुल्या झाल्या.
आज बाबा बागेत उकिडवे बसून
मूठभर माती दाबून पाहत होते.
'अजून आठ दिवस. मंग सोडू पाणी.'
मी विचारलं, ताण जास्त झाला तर?
ते माती चोळत राहिले बराच वेळ.
मग मोटारीची कळ कुठली,
रात्रीची लाइट किती वाजता येते,
कोणता कॉक आधी उघडायचा,
हे मला एकेक करून समजावत बसले,
जसं काही आठ वर्षं
या झाडांना पाणी
दुसरंच कुणी सोडत होतं.