फणसाची पट्टी

दाभोळच्या जेटीवरून वर चढलं की तिसरं घर.
जुलेखाबी मुकादम म्हणाल्या,
"पेटी दुरुस्त करणारे चिपळूणचे तुम्हीच ना?
मग ह्याची किंमत सांगा."
आणि उशीच्या अभ्र्यातून काढून
चटईवर ठेवलं
गिटारचं शेंडेफळ वाटावं असं युकुलेले.

जुनं ओळखायचं तर आधी डोळे मिटावेत,
हातावर पेलावं.
जुनं वाद्य सुकटीच्या पुडीएवढं हलकं,
नव्याला वार्निशचंच वजन फार.
मग पाठीवर टिचकी,
फणस पिकला का बघताना मारतो तशी.
मग डोळे उघडावेत.

खुंट्या लाकडाच्या, चाव्या-चाकं नाहीत.
बारा पडदे पितळी,
दुसऱ्याच्या शेजारी बोटाने पाडलेली खळी.
माथ्यामागे भाजून उठवलेला शिक्का,
त्यातलं "होनो" एवढंच शिल्लक.
लाकूड सागाचं नाही, शिवणीचं नाही;
दारातल्या उन्हात तिरकं धरलं
तर आतून पट्टे सरकले, वाघाच्या कुशीवरचे.
कोआ. शंभर वर्षांचं तरी.

"आमचे हे तेलाच्या जहाजावर भंडारी.
एका फिलिपिनो खलाशाने दिलं, पुलावाच्या बदल्यात.
वाजवायचे एकच गाणं, तेही अर्धं.
पाच हजार येतील?
कौलं फिरवायची आहेत."

माझ्या जिभेवर चाळीस होते.
मी म्हटलं, आत बघू द्या.

दातांच्या डॉक्टरचा आरसा, पेनाएवढी बॅटरी.
आत कोळिष्टक, एक चिंचोका,
आणि पाठीला आडवी
एक पट्टी, हळदीच्या रंगाची.
ती हवाईची नव्हे. फणस.
तिच्यावर पेन्सिल, आरशात उलटी;
उलटं वाचायची मला सवय आहे:
"याकूब. पाठ सुटली. पट्टी घातली.
ह्या गावात सरस वाईट."

सांगावं लागलं.
पुण्याचा गिऱ्हाईक आत हात लागलेलं घेत नाही,
घेतलं तर निम्म्यात.
"म्हणजे खोटं?"
खोटं नाही, दुरुस्त केलेलं.
"मग मीही दुरुस्त केलेलीच," त्या म्हणाल्या,
आणि नव्या गुडघ्यावर थाप मारली.

मग आरसा मागितला.
बराच वेळ डोळा लावून बसल्या.
अक्षर ओळखलं की नाही, कळेना.
खाली फेरीबोटीचा भोंगा झाला, माझी गेली.
"ती पट्टी काढून मला द्या.
बाकीचं न्या, विका, काय येईल ते."

विसार म्हणून चार हजार दिले,
वहीत लिहिलं: वाद्य एक, पट्टी परत.
अभ्रा त्यांनी ठेवून घेतला,
म्हणून गमछ्यात गुंडाळून आणलं.

आज तिसरा दिवस.
पाठ उघडली ती सहज,
हवाईचा सरस भुगा होऊन गळला.
पट्टी मात्र हलत नाही.
केटलीची वाफ दिली,
सुरी तापवून घातली कडेने,
दाढीच्या पात्यानं केसाएवढी फट मिळते का पाहिलं.
फोन येऊन गेला, कौलवाला मे महिन्याआधी येतो म्हणतोय.

दुकानात कोणी नव्हतं.
मोठ्यानेच म्हटलं,
याकूबमियाँ,
सरस काही वाईट नव्हता.